उजवीकडे, डोरो आत्या!

फॉस्टिनचं लायसन मार्चमध्येच संपलेलं होतं. हे आम्हाला जूनच्या दुसऱ्या शनिवारी कळलं, रवांडाच्या सीमेवरच्या चानिकाला, खिडकीपुढे रांगेत उभं असताना.

खिडकीतल्या मुलीनं ते कार्ड उजेडात धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि म्हणाली, "दादा, हे तर तीन महिन्यांपूर्वीच वारलंय."

फॉस्टिन हसला. त्याचं हसू छान होतं, आजवरचा अर्धा धंदा त्यावरच चालला होता. "अगं ताई, रिन्यूला टाकायचंच आहे. आज मागणीची मंडळी आहेत गाडीत. तो बघ नवरदेव, एवढ्या थंडीत घामानं भिजलाय बिचारा."

"नवरदेवाला सोडते," ती म्हणाली. "तुला नाही. आणि मी सोडलं तरी पलीकडचे सोडणार नाहीत. पुढचा कोण?"

नवरदेव म्हणजे माझा भाचा, एव्हारिस्ट. माझा थोरला भाऊ तार्सिस याचा मुलगा. रवांडातल्या मुसान्झेच्या पलीकडे राहणाऱ्या उमुहोझा नावाच्या नर्सवर त्याचं मन बसलं, तिचं याच्यावर बसलं, आणि आज आम्ही किसोरोहून तेराजण तिला रीतसर मागायला निघालो होतो. बायका खांद्यावरून सोडलेल्या मुशानानात, पुरुष काठ्या घेऊन, मागच्या सीटखाली ज्वारीच्या बिअरचे दोन मोठे कॅन, टपावर सोड्याचे क्रेट. महिन्याचा शेवटचा शनिवार आम्ही मुद्दाम टाळला होता, कारण त्या सकाळी रवांडात सगळं गाव श्रमदानाला जातं आणि गाड्या थांबतात. एवढा विचार केला होता. फक्त ड्रायव्हरचं लायसन बघायचं कुणाला सुचलं नाही.

सगळे एकदम बोलायला लागले. तार्सिस म्हणाला, पलीकडून गाडी मागवू. दोन फोन केले, दोन्हीकडून तेच उत्तर, जूनचा शनिवार, सगळ्या गाड्या लग्नांना गेलेल्या. कुणी म्हणालं, मोटरसायकलींवर जाऊ. त्यावर गाकुरूदादा भडकला. गाकुरूदादा म्हणजे आमचा चुलतभाऊ, आमच्या बाजूनं बोलणारा मुख्य माणूस. मुलीकडच्यांच्या प्रत्येक टोमण्याला उत्तर त्यानं तीन आठवडे घोकून ठेवलं होतं.

"मोटरसायकलवर? तोंडात धूळ भरून घेऊ आणि मग म्हणू, तुमची लेक द्या? बरोबर दहाला दारात पाहिजे आपण. दहा!"

त्यांचे दहा म्हणजे आमचे अकरा. सीमेपलीकडे घड्याळ तासभर मागे असतं. तेव्हा आमचे साडेआठ वाजले होते. भाषा एक, डोंगर एक, बटाटा एक. घड्याळ आणि रस्त्याची बाजू तेवढी वेगळी.

मी म्हटलं, "माझ्याकडे लायसन आहे."

कुणी ऐकलं नाही. म्हणून मी पर्समधून ते काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मुलीनं पाहिलं. "चौदा सीटपर्यंतचं आहे. अजून दोन वर्षं चालेल," ती म्हणाली. मग मान वर करून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "हे चालतं. तुमचं लायसन तिकडेही चालतं."

आता सगळे खिडकीपाशी सरकले.

मी नऊ वर्षं चर्चच्या शाळेची व्हॅन चालवते. अशीच, याच जातीची. किसोरोच्या वरचे रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, काळा दगड, धुकं, मध्येच बकऱ्या. नऊ वर्षांत एक आरसा तुटला, तोही फाटकाला घासून. पण चार वर्षांपूर्वी शाळेची सहल किगालीला जायची ठरली, तेव्हा मी महिनाभर आधी सगळी माहिती काढली. लायसन, ओळखपत्र, गाडीचं पुस्तक, मालकाचं पत्र, शेजारच्या देशांत चालणारा पिवळा विमा, दोन लाल त्रिकोण, प्रथमोपचाराची पेटी. वहीत यादी लिहिली. आणि निघायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी काबालेहून एका पुरुषाला बोलावलं. "बाहेरचा देश आहे, डोरोथिया," ते म्हणाले. मी चावी दिली आणि घरी जाऊन दिवसभर बटाटे खणले.

तार्सिस मला बाजूला घेऊन म्हणाला, "डोरो, तिकडे गाड्या उजवीकडून जातात."

"मला माहीत आहे."

"तुझा हात डावीकडे बसलाय."

"माझा हात माझा आहे, तार्सिस. सांगेन तिथे बसेल."

असं म्हटलं खरं. भीती म्हणा, आनंद म्हणा, मनात दोन्ही एकाच पोत्यात भरले होते.

खिडकीतल्या मुलीनं कागद पुन्हा चाळले आणि म्हणाली, "एक अडचण आहे. मालकाच्या पत्रात ड्रायव्हर म्हणून याचं नाव आहे. तुमच्या नावाचं पत्र लागेल. सही आणि शिक्क्यासकट. मग गाडीचं परमिट देते."

गाडीचा मालक सेरुगेंडो. किसोरोत त्याच्या तीन गाड्या. तो शाळेत माझ्या वर्गात होता आणि गणितात नेहमी माझ्यामागे असायचा. मी फोन लावला.

"कोण चालवणार?" तो म्हणाला.

"मी."

"डोरोथिया, मी आत्ता चहा पितोय. चहा पिताना असं काही सांगत जाऊ नकोस."

"कप खाली ठेव, शिक्का उचल आणि ये. बारा किलोमीटर आहे. तुझ्या ड्रायव्हरनं तुझं नाव धुळीला मिळवलंय, मी ते उचलायला बघतेय."

तो वीस मिनिटांत आला. मोटरसायकलवर, डोक्याला मफलर गुंडाळून, शिक्का आणि शाईची डबी एका मोज्यात घालून. आल्या आल्या त्यानं फॉस्टिनला जे सुनावलं ते मी इथे सांगत नाही, बाजूला रांगेत एक धर्मगुरू उभे होते. मग तो माझ्याकडे वळला.

"सही करीन," तो म्हणाला. "पण आधी मला दाखव. इथेच. ट्रकच्या मैदानात. उजव्या बाजूनं."

"सेरुगेंडो, वेळ नाही."

"गाडी माझी आहे. चार चकरा."

मैदान मोठं होतं. मध्ये बटाट्याच्या पोत्यांची थप्पी, चार ट्रक उभे, बाजूला भाजलेली कणसं विकणाऱ्या बायका आणि पैसे बदलून देणारी पोरं. मी चढले. सीट पुढे ओढली, आरसे बसवले, चावी फिरवली. आणि जसं मैदानात कळलं की एक मुशानाना नेसलेली बाई उजवीकडून गाडी चालवायची परीक्षा देतेय, तशी माणसं गोळा झाली.

पहिल्या चकरेत मी पोत्यांना डावीकडून वळसा घालायला गेले.

"आई गं! अशानं सोमवारी पोहोचेल ही!" कणीसवाली ओरडली.

"गप्प बसा हो, शिकतेय ती," दुसरी म्हणाली.

दुसरी चक्कर बरी गेली. तिसरीत सेरुगेंडो मुद्दाम समोरून मोटरसायकल घेऊन आला, माझ्या अंगावरच. माझा हात आपसूक डावीकडे जायला निघाला. मी त्याला दातओठ खाऊन धरलं आणि गाडी उजव्या कडेला दाबली. तो माझ्या डाव्या बाजूनं सूं करत निघून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या चकरेला तर मी एक हात वर करून टाळ्या स्वीकारल्या, तेव्हा माझी वहिनी, तार्सिसची बायको, खालून ओरडली, "दोन्ही हात, बाई, दोन्ही हात!"

सेरुगेंडोनं मोटरसायकलच्या टाकीवर कागद ठेवून पत्र लिहिलं. माझं पूर्ण नाव, ओळखपत्राचा नंबर, तारीख, कुठून कुठे. मोज्यातून शिक्का काढून ठप्पा मारला.

"गाडी जशी आहे तशी आण," तो म्हणाला. मग शाईची डबी मोज्यात घालत, "आणि तू पण तशीच ये."

फॉस्टिनला मागे बसवून तो परत गेला. मी खिडकीत कागद दिले, परमिट घेतलं. पलीकडच्या ऑफिसातही सगळं पुन्हा दाखवलं, एकेक कागद, एकेक त्रिकोण. तिथल्या माणसानं आमच्या एका काकूची प्लास्टिकची पिशवी तेवढी काढून घेतली. रवांडात ती चालत नाही. काकू पुढचा अर्धा तास पिशवीच्या आठवणी काढत होती. शेवटी फाटक वर गेलं. आमच्या घड्याळात पावणेदहा, त्यांच्या घड्याळात पावणेनऊ.

समोर काळाभोर, गुळगुळीत रस्ता. मी गाडी उजवीकडे घेतली, आणि खरं सांगते, माझ्या तोंडून हसूच फुटलं. मुहाबुराचा डोंगर तोच होता, जन्मापासून बघतेय मी तो, पण तो आता भलत्याच बाजूला उभा होता आणि मी त्याच्या पायथ्यानं परदेशात गाडी चालवत होते. माझ्या नावाचं पत्र घेऊन.

अडचण एकच, आणि ती कळायला दोन मिनिटं लागली. आमच्या गाडीचं स्टेअरिंग उजवीकडे. उजव्या बाजूनं चालायचं म्हणजे मी अगदी गटाराच्या कडेला आणि डावीकडे बसलेला गाकुरूदादा रस्त्याच्या मधोमध. समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला लांबून दिसायचा आणि त्याला थेट मांडीवर येताना दिसायचा.

"आला! आला! डोरो, आला!"

"येऊ दे. तो त्याच्या बाजूनं जाईल."

"माझ्या बाजूनं येतोय तो!"

"दादा, ऐक. पुढे एक सायकलवाला आहे, त्यावर तीन पोती. मला त्याच्या पुढे जायचंय, पण मला इथून समोरचं दिसत नाही. तुला दिसतं. रस्ता मोकळा आहे की नाही, एवढंच सांग. एका शब्दात."

"हे बघ, असं आहे की, तिथे वळणावर एक जे काही झाड आहे, त्याच्यापलीकडे..."

"एका शब्दात!"

"नाही! ... आता हो. हो!"

मी सायकलवाल्याला ओलांडलं. मागून टाळ्या. गाकुरूदादानं कपाळ पुसलं. पुढचे दहा किलोमीटर तो "हो" आणि "नाही" इतक्या मोठ्यानं ओरडत होता की रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या.

किदाहोच्या पुढे एव्हारिस्टचा चेहरा पांढराफटक पडला. "आत्या, थांब," तो म्हणाला, आणि ज्या आवाजात म्हणाला त्यावरून मी लगेच रस्त्याबाहेरची सपाट जागा शोधून गाडी आत घेतली.

"कुणी दार उघडायचं नाही!" मी ओरडले. आमच्या गाडीचं सरकतं दार डावीकडे. घरी ते रस्त्याच्या कडेला उघडतं, इथे रस्त्याच्या मध्यात उघडणार. मी आधी उतरले, दोन्हीकडे बघितलं, मग एकेकाला हात धरून उतरवलं. नवरदेव नीलगिरीच्या झाडामागे जाऊन ओकून मोकळा झाला. वहिनीनं म्हणजे त्याच्या आईनं, मेडियाट्रिसनं, त्याचं तोंड धुतलं, कॉलर पुसली.

"गाडी लागली का रे?" मी विचारलं.

"नाही आत्या. त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर परत जाताना पण मीच चालवीन. चढ."

सगळे बसले. रस्ता दोन्हीकडे रिकामा होता, ऊन पडलं होतं, डावीकडे खाली बुरेराचं तळं चमकत होतं. मी गाडी बाहेर काढली, गिअर टाकला, आणि मला वाटलं, काय सोपं आहे हे सगळं. गाकुरूदादा डोळे मिटून भाषण घोकत होता. मागे गाणं सुरू झालं. मी पण गुणगुणत होते.

वळणावरून दुधाचा ट्रक आला. तो सरळ माझ्या समोर होता.

क्षणभर मला त्याचाच राग आला. हा मूर्ख चुकीच्या बाजूनं का येतोय? आणि मग कळलं. चुकीच्या बाजूला तो नव्हता. रस्ता रिकामा होता, कुणी समोर नव्हतं, आणि माझा हात मला न विचारता घरी गेला होता.

मी स्टेअरिंग उजवीकडे ओढलं. क्रेट टपावर खणखणले, कुणीतरी किंचाळलं, ट्रकचा भोंगा डोक्यातून आरपार गेला, आणि तो गेला. हातभर अंतरावरून. मी कडेला थांबले, हँडब्रेक ओढला. 

मी मनात म्हटलं, आता तार्सिस म्हणेल, पुरे झालं. आणि त्याचं बरोबर असेल. मुख्याध्यापकांचंही बरोबर होतं. मी चावी काढली.

"माझ्याच्यानं नाही होणार," मी म्हटलं. "मला कळलंच नाही, कधी डावीकडे गेले ते. हे पुन्हा होईल."

मागून वहिनी बोलली. मेडियाट्रिस वहिनी कमी बोलते. सकाळपासून मांडीवर टोपली घेऊन बसली होती.

"तुला कळलं नाही," ती म्हणाली, "आणि आम्हाला तरी कुठे कळलं? आम्ही बाराजण. चोवीस डोळे. एकाचंही लक्ष नव्हतं. मी गात होते. हे," तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं, "हे सोड्याच्या बाटल्या मोजत होते. गाकुरूभाऊजी तर झोपलेच होते."

"घोकत होतो मी!"

"डोळे मिटून. आता असं करायचं. गाडी सुरू करायच्या आधी, आणि प्रत्येक वळणानंतर, सगळ्यांनी मोठ्यानं म्हणायचं, उजवीकडे. तिनं एकटीनं का लक्षात ठेवायचं? मुलगी आपण सगळेच आणायला चाललोय ना?"

तार्सिस पुढे वाकला. मला वाटलं आता बोलणार. पण तो नुसता म्हणाला, "डोरो, चावी लाव."

मी दोनदा खोल श्वास घेतला आणि चावी लावली.

"कुठे?" वहिनीनं विचारलं.

"उजवीकडे!" बाराजण.

"ऐकू नाही आलं मला," मी म्हटलं.

"उजवीकडे, डोरो आत्या!"

तिथून पुढे जी गंमत झाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. चढ आला, उजवीकडे! वळण आलं, उजवीकडे! पिशवीवाली काकू तर साध्या सरळ रस्त्यावरही मधूनच ओरडायची, चुकून विसरायला नको म्हणून. एव्हारिस्टचा रंग परत आला, सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. मी साठच्या आत होते, शाळा आली की चाळीसवर. आता तो रस्ता मला अंगात भरल्यासारखा वाटत होता, कडेची पांढरी रेघ माझ्या दारापासून ठरलेल्या अंतरावर पळत होती आणि मला ती मोजायलाही लागत नव्हती.

मुसान्झेच्या अलीकडे पोलिसानं हात केला. तरणाताठा, कडक इस्त्री. मी वेग कमी केला, दिवा दाखवला, कडेला घेतलं. नेमकं तेव्हाच मागून कोरस आला: "उजवीकडे!"

पोलीस दचकून एक पाऊल मागे सरला. "काय चाललंय? भांडण?"

"नाही साहेब. हे मला रस्ता सांगताहेत."

"सगळे?"

"सगळे."

त्यानं कागद मागितले. मी एकेक दिला. लायसन, ओळखपत्र, परमिट, पिवळा विमा, सेरुगेंडोचं पत्र. शाई अजून नीट वाळली नव्हती. त्यानं त्रिकोण बघितले. चाकं बघितली. गाडीला गोल फेरी मारून परत आला.

"पहिल्यांदाच आलात इकडे चालवत?"

"हो."

"घाबरलात?"

"अर्ध्या तासापूर्वी खूप. आता कमी."

"रिकाम्या रस्त्यावर, ना? थांबून निघताना?" तो म्हणाला. मी मान हलवली. "सगळ्यांचं तिथेच होतं. माझा मामा काम्पालाला गेला होता, त्याचंही तिथेच झालं. पुढे गावात सर्कल येईल. तिथे उलटं फिरायचं, घड्याळाच्या विरुद्ध. आत असलेल्याला आधी जाऊ द्यायचं." त्यानं कागद परत दिले, नीट जुळवून. मग आत डोकावून एव्हारिस्टकडे बघितलं. "हाच का?"

"हाच."

"देतील रे तुला मुलगी," तो म्हणाला. "एवढा आरडाओरडा करत कुणी आलं तर नाही कशी म्हणतील? या, मावशी. सावकाश."

मी सर्कलला उलटी फिरले. बाजारचा दिवस, सायकली, मोटरसायकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, आणि मध्ये आमची गाडी, तेरा माणसं एका सुरात ओरडणारी. पहिल्या फेरीत बाहेर पडायचा रस्ता चुकला, म्हणून आम्ही आणखी एक फेरी मारली. गाकुरूदादा म्हणाला, "अजून एक मार, लोकांना आवडतंय."

मुलीच्या दारात पोहोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात दहाला सात मिनिटं होती.

मंडप घातलेला, दोन्ही बाजूंना खुर्च्या. त्यांच्याकडचा बोलणारा म्हातारा उंच, बारीक, डोळ्यांत मिस्कील. "किसोरोची मंडळी!" तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, वाट चुकून घरी गेलात. काय काम काढलंत? बटाट्याचं बी हवंय का?"

सगळे हसले. आता गाकुरूदादानं उठून ती घोकलेली सुरुवात करायची होती, पूर्वजांपासून. तो उठला, काठी टेकली, तोंड उघडलं. आणि आतून जो आवाज आला तो दाराच्या बिजागरीसारखा. तीस किलोमीटर "हो" आणि "नाही" आणि "उजवीकडे" ओरडून त्याचा गळा पार बसला होता.

गाकुरूदादानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बिजागरी. त्यांचे लोक पुढे वाकले, ऐकू यावं म्हणून. मागचे उठून जवळ आले. आणि मग आमच्या गाकुरूदादानं, जो कधी पाऊण तासाच्या आत बसत नाही, त्यानं शेवटी कुजबुजत एवढंच सांगितलं: "आमच्याकडे एक मुलगा आहे. चांगला आहे. तुमच्याकडे एक मुलगी आहे. त्याला ती हवी आहे, आणि वाटेत तो त्या विचारानं आजारी पडला. माझा आवाज रस्त्यात गेला, नाहीतर अजून सांगितलं असतं."

उंच म्हातारा इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. टोमणे मग झाले, प्रश्न झाले, मुलीच्या बदल्यात द्यायच्या गाईंचं ठरलं, एक खोटी नवरी आणून आम्हाला फसवायचा प्रयत्नही झाला, रीतच आहे ती. पण ते सगळं हसत हसत पार पडलं. उमुहोझा बाहेर आली तेव्हा एव्हारिस्ट उभा राहिला आणि त्यानं कॉलर पुन्हा एकदा नीट केली.

जेवणं झाल्यावर मी गाडीपाशी गेले, टायर बघायला. तिथे एक माणूस माझी वाट बघत उभा होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, सूट घातलेला. मुलीचा थोरला मामा, सिप्रियन. सकाळपासून त्याला सगळ्यांवर हुकूम सोडताना मी पाहिलं होतं.

"ताई," तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "ऑगस्टमध्ये लग्नाला आमची तीन गाड्यांची मंडळी तुमच्याकडे येणार. पहिली गाडी मी चालवणार, असं मी सगळ्यांना सांगितलंय."

"छान."

"मी कधी डावीकडून चालवलेलं नाही."

"कुणाला सांगितलंत हे?"

"तुम्हाला. आत्ता." त्यानं घाम पुसला. "कसं केलंत तुम्ही?"

मी त्याला दुधाच्या ट्रकचं सांगितलं. सगळं, काही न लपवता. तो ऐकत राहिला. मग मी त्याला बसवलं, जमिनीवर काडीनं रस्ता काढला आणि बाटल्यांची झाकणं ठेवून दाखवलं, तो कुठे असेल, समोरचा कुठे, सर्कलला कसं फिरायचं. थांबून पुन्हा निघताना काय करायचं ते तीनदा म्हणायला लावलं.

"आणि कागद आजपासून गोळा करा," मी म्हटलं. "लायसनची तारीख बघा. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं पाकीट काढलं. तारीख बरोबर होती. आम्ही दोघांनीही सुटकेचा श्वास सोडला.

"लग्नाच्या आदल्या शनिवारी सीमेवर या," मी म्हटलं. "ट्रकचं मैदान आहे. मी तुम्हाला फेऱ्या मारायला लावते."

"लोक हसतील."

"हसतील तर हसू द्या."

तो आला. एकटा नाही, तिन्ही गाड्यांचे ड्रायव्हर घेऊन आला. पूर्ण दुपार मी त्या मैदानात उभी राहून तीन पुरुषांना ओरडत होते आणि कणीसवाल्या बायका प्रत्येक चुकीला एकेक कणीस फुकट वाटत होत्या. सिप्रियनची सहा झाली. आणि पुढच्या शनिवारी, सकाळी, फाटकाच्या आमच्या बाजूला मी शाळेची व्हॅन घेऊन उभी राहिले. त्यांच्या तीन गाड्या एकेक करून बाहेर आल्या, फिती लावलेल्या, नवरीसकट. सिप्रियन पहिल्या गाडीत, नाक काचेला लागेल इतका पुढे वाकलेला. मी दिवा दाखवला, व्हॅन डाव्या बाजूला घेतली आणि आरशात बघितलं.

तिन्ही गाड्या डावीकडे वळल्या. एकामागोमाग एक, सरळ रेषेत. मी भोंगा वाजवला, त्यांनी तिघांनी वाजवला, आणि आम्ही किसोरोच्या दिशेनं निघालो.